धमनी उघडली एवढंच सांगू नका, रक्त पोचलं का तेही लिहून द्या

प्रति,
राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग, सरकारी योजनांची पॅकेजं ठरवणारी मंडळी, आणि जिथं जिथं कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, आहे तिथले सगळे हृदयरोगतज्ज्ञ

नमस्कार.

मी डीएमएलटी झालेली लॅब टेक्निशियन आहे. सांगोल्याकडच्या एका छोट्या लॅबमध्ये १९ वर्षं काम करते, दिवसाला साठ-सत्तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासण्या, माझ्या हाताखालून जातात. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार कसे करायचे हे मी तुम्हाला शिकवणार नाही. पण रक्ताच्या जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये काय असतं आणि त्यातलं काय कागदावर येतं, काय येत नाही, हे मला चांगलं माहितीय, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत जे झालं ते गप्प बसून सोडून देणं मला जमलं नाही म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

दादा ५२ वर्षांचा. एका कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. गेल्या वर्षी नोव्हेंबरात, ऊसतोडीचा सीझन नुकताच सुरू झालेला, पहाटे चारला छातीत दुखायला लागलं. वहिनीनं आधी सोडा दिला, मग साडेपाचला गावातल्या डॉक्टरांना उठवलं, त्यांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि त्याबरोबर डेक्सा हे स्टेरॉइडही दिलं. आराम पडला नाही. आठ वाजता माझ्याकडे आणलं, शेजारच्या दवाखान्यात आठ वाजून दहा मिनिटांनी ईसीजी निघाला आणि ईसीजी काढणाऱ्या मुलाचाच चेहरा बदलला. तिकडे अॅम्ब्युलन्सची फोनाफोनी चालू असताना मी दादाचं रक्त घेतलं, हात थरथरत होते तरी घेतलं आणि मशीनला लावलं, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. पांढऱ्या पेशी १४,२००. त्यांच्याच दोन जाती, न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट १०. प्लेटलेट २ लाख ९० हजार, एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार, ११.८. कागद वहिनीच्या पिशवीत टाकला आणि गाडी निघाली.

शहरातल्या कॅथलॅबमध्ये पोचायला पावणेबारा झाले. सव्वाबाराला धमनी उघडायचा फुगा फुगवला. एकला डॉक्टर बाहेर आले, दमलेले होते पण चांगलं बोलले, म्हणाले मुख्य धमनी पूर्ण बंद होती, स्टेंट टाकलाय, ब्लॉकेज शंभर टक्के उघडलं, सक्सेस. आम्ही सगळे त्यांच्या पाया पडायला निघालो होतो. त्या डॉक्टरांचे उपकार मी आजही मानते, त्यांनी धमनी उघडली नसती तर दादा आज नसता, हे आधीच स्पष्ट लिहून ठेवते.

पण दुसऱ्या दिवशी दादाला सपाट झोपता येईना. धाप लागायची. टुडी इकोत हृदयाचं पंपिंग ३२ टक्के, म्हणजे खूपच कमी, आलं. आम्ही विचारलं की सर, धमनी उघडली ना मग असं कसं, तर "अटॅक मोठा होता" एवढंच उत्तर मिळालं. सहा दिवसांनी डिस्चार्ज. कार्डावर लिहिलेलं, सक्सेसफुल अँजिओप्लास्टी टू एलएडी, म्हणजे त्याच मुख्य धमनीची यशस्वी अँजिओप्लास्टी. संपलं.

तीन महिन्यांनी एका ओळखीच्या डॉक्टरांनी त्या अँजिओप्लास्टीची सीडी लॅपटॉपवर लावून मला दाखवली. म्हणाले, ताई, स्टेंट अगदी छान बसलाय, काही खोट नाही, पण हे बघा, डाय कसा पुढं सरकतोय. आणि मी बघितलं. धमनी रुंद, स्वच्छ, आणि आतला काळा रंग, म्हणजे रक्ताचा प्रवाह दिसावा म्हणून सोडलेला तो डाय, मात्र रेंगाळत रेंगाळत टोकाकडे चाललेला, शेजारच्या धमनीत तो कधीच पोचून निघूनही गेला होता. ते म्हणाले हा टिमी टू फ्लो. स्लो फ्लो. म्हणजे मोठी नळी उघडली पण तिच्या पुढच्या केसाहून बारीक वाहिन्यांमधून रक्त नीट जात नाही.

आमच्याकडे डाळिंबाची बाग आहे, त्यामुळे मला हे एका क्षणात कळलं. व्हॉल्व्ह उघडलाय, मेन लाइनला पाणी आहे, प्रेशरही आहे, पण ड्रिपर चोंदलेत. बागेत उभं राहून लांबून बघितलं तर सगळं चालू दिसतं. झाडं मात्र सुकतात.

जे वाचतायत पण या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. अँजिओप्लास्टी करताना रक्ताचा प्रवाह शून्य ते तीन असा मोजतात, त्याला टिमी ग्रेड म्हणतात. शून्य म्हणजे काहीच पुढं जात नाही, एक म्हणजे जरासं झिरपतं पण पुढची नळी भरत नाही, दोन म्हणजे भरते पण उशिरा, तीन म्हणजे नॉर्मल. त्यासाठी वेगळी टेस्ट लागत नाही, वेगळे पैसे लागत नाहीत, जो डाय सोडलाच आहे त्याच चित्रावरून डॉक्टरांना ते दिसतं. धमनी उघडूनही रक्त हृदयाच्या स्नायूपर्यंत न पोचणं याला नो रिफ्लो म्हणतात आणि हे काही काल-परवा सापडलेलं नाही. १९७४ साली क्लोनर, गॅनोट आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग केले होते, धमनी ४० मिनिटं दाबून सोडली तर रक्त परत सगळीकडे गेलं, ९० मिनिटं दाबून सोडली तर धमनी मोकळी असूनही काही भागात रक्त शिरलंच नाही. माणसाच्या हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी त्यानंतर तीन वर्षांनी, १९७७ ला झुरिकमध्ये झाली! म्हणजे हा धोका अँजिओप्लास्टीच्याही आधीपासून माहितीय.

का होतं याची कारणं एकात एक अडकलेली आहेत. गुठळीचे बारके तुकडे पुढं वाहत जाऊन अडकतात. उपाशी राहिलेल्या स्नायूला सूज येऊन तो आतल्या बारीक वाहिन्या दाबतो. आणि रक्त परत सुरू झाल्यावर जे धावत येतं त्यात आमच्या मशीनवर रोज दिसणाऱ्या पेशी असतात. न्यूट्रोफिल चिकटून बारीक वाहिन्या बुजवतात आणि आजूबाजूच्या पेशींना इजा करणारे पदार्थ सोडतात. प्लेटलेट गोळा होतात आणि वाहिन्या आखडवणारी रसायनं सोडतात. लिम्फोसाइट मात्र शरीरावर ताण आला, कॉर्टिसॉल वाढलं की कमी होतात. म्हणून न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागायचं, तो आकडा म्हणजे एनएलआर. निरोगी माणसात साधारण एक ते तीनच्या आत असतो. दादाचा ८४ भागिले १०, म्हणजे ८.४. बऱ्याच अभ्यासांत असं दिसलंय की मोठ्या अटॅकमध्ये आल्या आल्या घेतलेल्या रक्तात हा आकडा जास्त असेल तर अँजिओप्लास्टीनंतर स्लो फ्लो किंवा नो रिफ्लोचं प्रमाण जास्त असतं. प्लेटलेट आणि लिम्फोसाइटच्या गुणोत्तराबद्दल, प्लेटलेटच्या आकाराबद्दल, म्हणजे एमपीव्हीबद्दल, आरडीडब्ल्यूबद्दलही, म्हणजे लाल पेशींच्या आकारातल्या फरकाबद्दलही, असंच लिहिलं गेलंय.

आता इथं मी थांबून एक गोष्ट सांगते कारण मला कुणाला घाबरवायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. हे आकडे म्हणजे भविष्य नाही. त्या दिवशी माझ्या हातात ८.४ होता म्हणून दादाचं पुढचं सगळं मला कळायला हवं होतं असं नाही, आणि कॅथलॅबमधल्या डॉक्टरांनी तो बघून लगेच वेगळं काहीतरी केलं असतं असंही मी म्हणत नाही, कारण नुसत्या एनएलआरवरून उपचार बदलावा असं अजून ठरलेलं नाही. यातले बरेचसे अभ्यास जुन्या फाइली चाळून केलेले आहेत, प्रत्येकाची रेषा वेगळी, कुणी चारला धोका म्हणतं कुणी सहाला. शिवाय आकड्यात गडबड करणाऱ्या गोष्टी आम्हा टेक्निशियन लोकांना चांगल्या ठाऊक आहेत. दादाला पहाटे डेक्सा दिलं होतं, स्टेरॉइडनं न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, तर त्या ८.४ मधलं अटॅकचं किती आणि डेक्साचं किती, कोण सांगणार? ताप-इन्फेक्शन असेल तरी हेच. आणि एमपीव्हीचं तर विचारूच नका, ईडीटीएच्या, म्हणजे त्या जांभळ्या बुचाच्या, ट्यूबमध्ये रक्त जितका वेळ पडून राहील तितक्या प्लेटलेट फुगतात, सकाळी घेतलेलं सँपल दुपारी लावलं तर आकडा वेगळाच, मशीन बदललं तरी वेगळा.

पण म्हणून तर माझं म्हणणं आहे की हे नीट टिपून ठेवा! वेळ लिहिली नाही, आधी काय इंजेक्शन दिलं ते लिहिलं नाही, सँपल प्रोसिजरच्या आधीचं की नंतरचं ते लिहिलं नाही, तर या आकड्यांचा उपयोग आज तर नाहीच पण पुढं दहा वर्षांनीही होणार नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. डिस्चार्ज कार्डावर फ्लो लिहिलेला नव्हता. ना आधीचा ना नंतरचा. स्टेंटची कंपनी, लांबी, जाडी, बॅच नंबर सगळं होतं, स्टिकर फाइलला चिकटवलेलं होतं, कारण त्याचा हिशेब लागतो. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषधी स्टेंट २९,६०० ला बांधला, त्याबद्दल सामान्य माणूस कायम ऋणी राहील. आज महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत खर्च होतो, तेही मोठंच काम आहे, आमच्या भागात या योजनेमुळे वाचलेली घरं मी नावानिशी सांगू शकते. पण धातूच्या त्या जाळीचा एवढा चोख हिशेब ठेवायचा आणि ती ज्यासाठी बसवली ते रक्त पुढं गेलं की नाही याची एक ओळही नाही, हे मला समजत नाही. आणि या एका ओळीच्या अभावानं काय होतं ते सांगते. दादा कारखान्यात हलकं काम मागायला गेला. ऑफिसातल्या माणसानं कार्ड वाचलं आणि म्हणाला, इथं तर सक्सेसफुल लिहिलंय, मग ट्रकवर का येत नाही? दादा काय सांगणार, त्याला स्वतःलाच माहिती नव्हतं. त्याला वाटायचं आपणच कच खातोय. दोन जिने चढले की दम लागतो हे तो तीन महिने घरातसुद्धा लपवत होता, कारण डॉक्टरांनी सक्सेस म्हटलेलं. माझा भाऊ तीन महिने स्वतःला आळशी समजत होता, हे मी विसरू शकत नाही.

दुसरी गोष्ट, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. स्लो फ्लो हा डॉक्टरांचा दोष नसतो हे मला आता कळतं, उत्तमातल्या उत्तम हातांनाही तो होतो. तेव्हा एडेनोसिन, निकोरँडिल, नायट्रोप्रुसाइड अशी औषधं थेट धमनीत सोडून प्रयत्न करतात, कधी टायरोफिबॅन देतात, आणि यातलं कुठलंच हमखास नसतं. गुठळी ओढून काढली की फ्लो सुधारेल असं खूप वाटत होतं, पण २०१३ आणि २०१५ च्या मोठ्या चाचण्यांमध्ये प्रत्येकाला सरसकट तसं करण्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे अवघड दुखणं आहे, मान्य. पण अवघड आहे म्हणून सांगायचं नाही का? "धमनी उघडलीय, पण पुढं रक्त हळू जातंय, त्यामुळे पंपिंग कमी राहू शकतं, औषधं चुकवू नका, सहा आठवड्यांनी परत इको करू", ही तीन वाक्यं आहेत. एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात आणि अडाणी माणसालाही कळतं. आम्ही भांडलो नसतो हो.

तिसरी, रक्ताची. मी स्वतः केलेला सकाळचा रिपोर्ट वहिनीनं तिथं दिला होता. फाइलमध्ये तो नाही. फाइलमध्ये आहे तो संध्याकाळी सातचा, म्हणजे प्रोसिजर होऊन सहा-सात तास झाल्यानंतरचा. त्यातही नुसते टक्के छापलेत, अॅबसोल्यूट काउंट, म्हणजे प्रत्येक पेशीचा प्रत्यक्ष आकडा, नाही, एमपीव्ही नाही, आणि आमच्या छोट्या लॅबचं मशीनसुद्धा हे सगळं देतं, फक्त रिपोर्टच्या फॉर्मॅटमध्ये ती ओळ बंद करून ठेवलेली असते. खर्च शून्य!

चौथी. प्रोसिजरनंतर तास-दीड तासानं काढलेला ईसीजी फाइलमध्ये नाही. ईसीजीतला वर चढलेला एसटीचा भाग निम्म्यानं तरी खाली आला का हे बघितलं की स्नायूपर्यंत रक्त पोचल्याचा अंदाज येतो. एक कागद आणि पाच मिनिटं. काढला असेलही, पण मग तो गेला कुठं?

आणि पाचवी तक्रार मोठ्या हॉस्पिटलवर नाही, आमच्याच भागावर आणि तुमच्यावर आहे, आरोग्य विभागावर. पहाटे चार ते सव्वाबारा, सव्वाआठ तास. स्नायू जितका वेळ उपाशी तितका नो रिफ्लो होण्याचा धोका जास्त, आणि न्यूट्रोफिलही जसजसे तास जातात तसतसे चढत जातात, म्हणजे माझ्या मशीनवरचा तो ८.४ काही प्रमाणात आमच्या रस्त्याचा आणि उशिराचाच आकडा होता. ईसीजी झाल्यापासून दोन तासांत फुगा फुगवला जाणार नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आधी द्यायचं आणि मग पुढं पाठवायचं असं जगभर मानलं जातं. आम्ही साडेतीन तास नुसते गाडीत आणि कागदात घालवले. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला छोटी सरकारी केंद्रं जोडलीत, ईसीजी ऑनलाइन जातो, तिथून निदान येतं आणि इंजेक्शन जवळच्या केंद्रातच फुकट मिळतं. आपल्या राज्यातही तसा प्रकल्प सुरू केलाय असं ऐकते, मग तो पहाटे साडेपाचला आमच्या गावात का नव्हता?

हे पत्र आत्ताच का लिहिलं तेही सांगते. मागच्या महिन्यात मी त्या हॉस्पिटलमध्ये गेले, रीतसर अर्ज दिला, फ्लो काय होता तो लेखी द्या आणि सकाळचा सीबीसी फाइलला लावा. काउंटरवर सांगितलं, "ताई, एवढं सगळं पेशंटला लागत नसतं." मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे की पेशंटनं कागद मागितले की ७२ तासांत द्यायचे. आज महिना होऊन गेला.

माझ्या मागण्या साध्या आहेत, एकीलाही नवीन मशीन लागत नाही.

प्रत्येक अँजिओप्लास्टीच्या डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टींची वेळ लिहा, दुखणं कधी सुरू झालं, पहिला ईसीजी कधी, कॅथलॅबमध्ये कधी पोचला, फुगा कधी फुगवला. त्याखाली फ्लो आधी किती, नंतर किती. हा रकाना भरल्याशिवाय योजनेचा क्लेम पुढं सरकू नये, जसा स्टेंटच्या स्टिकरशिवाय सरकत नाही.

सीबीसीचं रक्त सलाइनची सुई लावतानाच घ्या, प्रोसिजरच्या आधी. ट्यूबवर वेळ लिहा, अॅबसोल्यूट काउंट आणि एमपीव्ही छापा, आधी स्टेरॉइड दिलं होतं का याला एक हो-नाहीचा चौकोन ठेवा. एनएलआर लाल रंगात छापून पेशंटला घाबरवू नका, तो डॉक्टरांसाठी आणि अभ्यासासाठी आहे.

तास-दीड तासानंतरचा ईसीजी फाइलला लावा. डिस्चार्जच्या आधी एक आणि सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या मधे एक, असे दोन इको पॅकेजमध्येच धरा, नाहीतर गरीब माणूस दुसरा इको करतच नाही, मी रोज बघते.

फ्लो तीनच्या खाली राहिला तर त्याच दिवशी घरच्यांना मराठीत सांगा आणि सांगितल्याची सही घ्या.

सरकारी मेडिकल कॉलेजांनी ही सगळी माहिती नाव काढून एकत्र करावी. आपल्या माणसांत, म्हणजे डायबेटिस असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या, सहा-आठ तास उशिरा पोचणाऱ्या माणसांत हे पेशींचे आकडे खरंच काही सांगतात का, ते कळू द्या. काही सांगत नाहीत असं निघालं तरी चालेल, मग तसं छापा आणि हा विषय बंद करा.

तालुक्याच्या ठिकाणी चोवीस तास ईसीजी आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठेवा, आणि गावातल्या डॉक्टरांना सांगा की चाळिशीच्या पुढच्या माणसाला पहाटे छातीत दुखत असेल तर पित्ताच्या इंजेक्शनआधी ईसीजी.

आणि ही शेवटची मागणी माझ्याच धंद्यातल्या लोकांसाठी आहे. हे वाचून उद्या कुणी "हृदय सूज तपासणी" म्हणून दोन हजारांचं पॅकेज काढेल, तर तसं करू नका. हे आकडे साध्या सीबीसीतच असतात, भागाकार फोनवर होतो, आणि धडधाकट माणसाला त्यावरून अटॅक येणार की नाही हे कळत नाही. आरोग्य विभागानं अशा जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

दादा आता गोळ्या वेळेवर घेतो, मीठ कमी केलंय, सकाळी बागेत हळूहळू दोन चकरा मारतो. कारखान्यानं अजून हलकं काम दिलेलं नाही, कारण कार्डावर तेच लिहिलेलं आहे. येत्या चौदा तारखेला त्याचा पुढचा इको आहे. मी सुट्टी टाकलीय, त्याच्याबरोबर जाणार आहे, या पत्राची एक प्रिंट आणि अटॅकच्या दिवशी सकाळचा माझा सीबीसीचा कागद घेऊन. फ्लोची ती एक ओळ त्या दिवशी सही-शिक्क्यासह लिहून द्यावी, एवढी विनंती.

आपली,
एक लॅब टेक्निशियन आणि एका पेशंटची बहीण
तालुका सांगोला, जिल्हा सोलापूर